तीन कॉपी

आमचा भरद्वाज तंजावूरची मराठी वाचवतो. यूट्यूबवर. स्वतः बोलतो तमिळ, पण राजमआत्याला कॅमेऱ्यासमोर बसवून त्यानं बजावलं होतं, तेही तमिळमध्येच, की फक्त मराठी बोलायचं.

तिच्या प्रत्येक व्हिडिओच्या तीन कॉपी आहेत. एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, एक चेन्नईच्या मेहुण्याकडे. परवा त्यानं मला 'आत्या सांगते घराण्याचा इतिहास' नावाची फाइल कौतुकानं लावून दाखवली. "सगळ्यात मौल्यवान ही, अक्का!"

पडद्यावर हा भक्तिभावानं ऐकत होता आणि आत्या म्हणत होती,

"शुगरची गोळी घेऊन बसलेय, अजून जेवू दिलं नाही मेल्यानं. कळत काही नाही, तरी नंदीबैलासारखी मान डोलावतोय बघा!"