बॅटरीला सबसिडी नाही

"काका, प्लेटांच्या जवळ सरका. आणि जरा हसा की," मोबाईल समोर धरत निकिता म्हणाली.

सोलर बसवणाऱ्या दुकानातली ही पोरगी राहात्याहून स्कूटीवर आली होती. घरमालक आणि छतावरच्या प्लेटा एकाच फोटोत दिसल्याशिवाय सबसिडी सुटत नाही, आणि मागच्या खेपेचा फोटो धूसर आला होता. इसहाकभाऊ सरकले. हसायचं मात्र त्यांना जमलं नाही.

"काकूंनाही बोलवा वर. जोडीचाच काढू."

"ती न्हाई आता. मागल्या महिन्यात गेली."

निकिताचा हात खाली आला. मागच्या खेपेला मरियाकाकूंनी नाकात नळी असतानाही खाटेवरून तिला दटावलं होतं, चहा घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही म्हणून.

"मला कुणी सांगितलंच नाही, काका."

इसहाकभाऊ खांद्यावरच्या पंच्याने प्लेटेवरची धूळ पुसत राहिले. गावात योजना म्हटली की इसहाकभाऊ. ठिबक असो की गोबरगॅस, कशाला किती अनुदान हे ग्रामसेवकाच्या आधी यांना ठाऊक. लोक चेष्टेने म्हणायचे, हा माणूस स्वर्गाच्या दारातसुद्धा आधी सवलत विचारील. सोलरची योजनाही त्यांनीच हुडकून काढली होती, लाईट गेली तरी मरियाचं ऑक्सिजनचं मशीन चालावं म्हणून. प्लेटा सुरू झाल्या त्याच आठवड्यात ते लाईट गेल्यावर लागणारा ऑक्सिजनचा भाड्याचा सिलिंडर परत देऊन आले होते. येताना मरियासाठी पेरू आणले होते, इतका आनंद झाला होता त्यांना.

"पोरी, एक इचारू? ती गेली त्या दिशी भर दुपारी लाईट गेली. ऊन असं, की हितं पाय ठेववत नव्हता. मग मशीन बंद का पडलं? प्लेटात खोट हाय का?"

निकिताने ओठ चावला.

"खोट नाही, काका. हे सोलर लाईनीला जोडलेलं असतं. लाईट गेली की तेही आपोआप बंद होतं. तेव्हा चालवायचं तर बॅटरी लागते. आमच्या सरांनी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं हुतं." इसहाकभाऊ पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले. "मीच म्हनलो, बॅटरीला सबसिडी न्हाई, मग कशाला? आपल्याकडं लाईट जाती ती दिवसा. आन् दिवसा तर ऊन हायेच."

खाली रस्त्यावरून दुधाची गाडी गेली.

"पर बंद कशापायी करत्यात? डोक्यावर ऊन हाय, प्लेटा हायेत, आन् खाली मानूस तडफडतंय."

"वायरमनसाठी, काका. तो लाईट बंद करून खांबावर चढतो. आपलं सोलर चालूच राहिलं तर करंट उलटा लाईनीत जाईल. त्याच्या जिवावर बेतेल."

इसहाकभाऊंनी मान वळवून रस्त्यापलीकडच्या खांबाकडे पाहिलं. त्या दुपारी गावचा वायरमन गोरक्ष त्याच खांबावर होता. हे दारात उभे राहून त्याच्या नावाने ओरडत होते, लवकर कर रे, लवकर कर. त्या ओरडण्याने गोरक्ष हातमोजे न घालताच वर चढला होता. लाईट आली तेव्हा मशीन पुन्हा सुरू झालं, पण उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी मरियाच्या पेटीला पहिला खांदा गोरक्षनेच दिला होता.

बराच वेळ ते खांबाकडेच बघत राहिले. मग उठले, पंच्याने तोंड पुसलं, आणि प्लेटांच्या जवळ जाऊन उभे राहिले.

"मरियाला इचारलं असतं," ते म्हणाले, "तर तिनं बी बंदच कर म्हनलं असतं."

हाताने त्यांनी निकिताला खूण केली, काढ आता.

तिने फोटो काढला. हाही धूसर आला.