खांब हलतो

"खांब हलतो," विष्णू म्हणाला. मशीनचा उभा खांब त्याने दोन बोटांत धरला होता. "पैलू सरळ पडणार नाहीत. ही नको."

शुभ्राने मान डोलावली. आखातातल्या रास अल खोरच्या त्या गोदामात खड्यांना पैलू पाडायच्या मशीन रांगेने मांडल्या होत्या. गेल्या शनिवारी दुसऱ्या गोदामात मोटर थरथरत होती. त्याआधी कुठे चकती वाकडी फिरत होती.

विष्णू त्याच शहरातल्या देरा भागात एका कारखान्यात माणिक-पुखराज घडवायचा. लग्नानंतर शुभ्रालाही त्यानेच शिकवलं होतं. मशीनची पारख मात्र त्याची. म्हणून वेगळं राहायला लागल्यावरही तिने त्यालाच फोन केला होता. "एक मशीन निवडून दे. ती सांगलीला पाठवते, मग मीही जाते. आईकडे राहून काम करीन."

भांडण असं कधी झालंच नव्हतं. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा अंश तापाने गेला, आणि त्यानंतर जेवायला समोरासमोर बसलं की दोघांना एकमेकांच्या चेहऱ्यात तोच दिसायचा. आधी बोलणं थांबलं. मग जेवायच्या वेळा वेगळ्या झाल्या. शेवटी शुभ्रा मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली.

मशीनपुढे मात्र दोघांना शेजारी उभं राहता येत होतं. नजर मशीनवर असायची. बोलायला विषय असायचा.

विष्णू चहा आणायला बाहेर गेला तसे गोदामाचे मालक हमीदभाई जवळ आले. मूळचे दापोलीचे. मराठी माणूस दिसला की खुलायचे.

"भाभी, एक विचारू? दादा काल एकटेच येऊन गेले. हीच मशीन चालवून बघितली. मला म्हणाले, हमीदभाई, एक नंबर चीज आहे. मग आज खांब कसा हलायला लागला?"

 शुभ्राने खांबाला हात लावून जरा जोर दिला. तो जागचा हलला नाही.

विष्णू तिकडच्या दाट दुधाळ करक चहाचे दोन कागदी कप घेऊन आला. दोघं दाराजवळच्या सावलीत उभी राहिली.

"शारजाला अजून एक गोदाम आहे," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी जाऊ. घाई कसली? मनासारखी मिळेपर्यंत बघू."

"विष्णू, मशीन मी घेतली."

"कधी?"

"पहिल्याच शनिवारी. तू नको म्हणालास ना, तीच. तू गेल्यावर परत जाऊन घेतली. सांगलीला पोचलीसुद्धा."

कप ओठांपर्यंत नेलेला त्याचा हात तसाच थांबला.

"मग इतके शनिवार कशाला येत होतीस?"

"तू येत होतास म्हणून."

समोरून एक ट्रेलर खडखडत गेला. विष्णूने मान वळवून सरळ तिच्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. पण दोघांनाही ते फार वेळ जमलं नाही. त्याची नजर कपात गेली, तिची रस्त्यावर.

"शारजाचं गोदाम मोठं आहे," तो हळूच म्हणाला. "नुसतं बघून येऊ."

"माझं विमान उद्याचं आहे रे," शुभ्रा म्हणाली.