पेडव्यांचं तिखलं

समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. शिमग्याची सुट्टी आहे, दुपारचे बारा वाजले आहेत, आणि मालवणच्या बंदराकडे जाणाऱ्या गल्लीत तुमच्या आईची खाणावळ आहे. चुलीवर पेडव्यांचं तिखलं, म्हणजे बारीक काटेरी माशांचं झणझणीत कालवण, रटरटतं आहे. आई मूठभर मीठ टाकते आणि लगेच दुसरी मूठ भरते. तुम्ही विचाराल ना, दोनदा का म्हणून?

सुगंधाने विचारलं नाही. तिला ठाऊक होतं.

"खारट लागला की त्येका तान लागतली," हौसाबाई म्हणाली. "तान लागली की आख्खी बाटली संपयतलो."

"आणि मगे?"

"मगे तू धाव मारूची. फौजदारांका काय सांगशीत? शाळेतल्यासारखा बोल."

सुगंधा ताठ उभी राहिली. "साहेब, एक माणूस दारू पिऊन बंदराच्या रस्त्याने चालला आहे. त्याचे नाव भिकाजी."

"आणि आमच्या घराचा नाव?"

"नाय घेवचा."

"शाबास."

दारूबंदीचे दिवस होते. मार्गशीर्षात पोलीस आले, ते थेट मागच्या पडवीत गेले. लाकडांच्या ढिगाखाली हात घालून त्यांनी सुगंधाच्या वडिलांच्या, बाबलीच्या, बाटल्या बाहेर काढल्या. ती जागा घराबाहेरच्या एकाच माणसाला माहीत होती, भिकाजीला. बाबलीला सहा महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हापासून खाणावळीत दारूचा थेंब नव्हता. ज्याला हवी तो आपली बाटली काजूच्या बोंडांखाली लपवून आणायचा, आणि हौसाबाई मुकाट्याने वाटी पुढे करायची. नवे फौजदार घाटावरचे होते. तोंडाला नुसता वास आला तरी ते माणसाला आत टाकत.

भिकाजी आला. एका हातात बोंडांची टोपली होती. दुसऱ्या हाताला त्याची चार वर्षांची रुक्मिणी होती. तिला तो बरोबर आणील असं हौसाबाईला वाटलं नव्हतं.

"शेजारीण शिमग्याक म्हायेराक गेली," तो म्हणाला. "ह्येका खंय ठेवू? वैनी, बाबलीचा पत्र-बित्र इला काय?"

"इला. तुमची आठवण काढतत."

"काढतलोच. दोस्त मा तो माझो!"

हौसाबाईने दोघांना पाट दिला, एकच पत्रावळ मांडली, भात वाढला, त्यावर तिखलं ओतलं. भिकाजीने बोंडं बाजूला सारून बाटली काढली. वाटीत हुर्राक पडली आणि काजूच्या ताज्या दारूचा आंबूस वास घरभर पसरला.

पहिल्याच घासाला त्याने डोळे मिटले. "वैनी, आख्खो दर्या वतलास काय ह्येच्यात?"

"शिरोड्याचा नवा मीठ, भिकाजीनू. अंदाज येना नाय. पाणी देव?"

"पाणी कित्याक? ह्या आसा मा!" त्याने बाटली उंच धरली.

दुसरी वाटी झाली. तिसरी झाली. सुगंधा मागच्या दाराशी उभी राहून बाटलीकडे बघत होती. बाटली रिकामी झाली की निघायचं, असं ठरलं होतं.

"बाबा, माका," रुक्मिणी म्हणाली.

भिकाजीने वाटी खाली ठेवली. एक पेडवा घेतला, अंगठ्याने उघडला आणि मधला काटा अलगद ओढून काढला. मग केसासारखे बारीक काटे, एकेक. ते त्याने पत्रावळीच्या कडेला लावले. उरलेलं मांस रुक्मिणीच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवून धुतलं, जिभेला लावून पाहिलं, आणि अजून खारट लागलं म्हणून पुन्हा धुतलं. मग भातात कालवून घास तिच्या तोंडाशी नेला.

"आता काटो नाय हा. खा गो बाय."

हौसाबाई हातात पळी घेऊन तशीच थांबली. रुक्मिणीच्या आईला गेल्या आषाढात शेवटची आंघोळ तिनेच घातली होती.

सुगंधाही बघत होती. तिचे वडील तिला असेच काटे काढून देत. मार्गशीर्षापासून ती स्वतः काढत होती. दोनदा काटा घशात अडकला होता.

भिकाजीने बाटली उलटी करून झटकली. "जातंय वैनी. बंदरार खेळे नाचतले, ह्येका दाखवतंय." त्याने मुलीला खांद्यावर घेतलं. दारात त्याचा तोल गेला. रुक्मिणीने त्याचे केस घट्ट धरले. तो हसला, सावरला आणि रस्त्याला लागला.

सुगंधाने मागच्या दाराची कडी काढली. हौसाबाईने तिचं मनगट धरलं.

"रवांदे गो."

"कित्याक?"

"त्या चेडवाक दुसरा कोण नाय. रातीक खंय निजतला ता?"

"माझो बापूस खंय निजता?"

हौसाबाईने मनगट सोडलं नाही. बंदराकडे ढोल वाजायला लागला होता.

सुगंधाने आईची बोटं एकेक करून उचलली, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, आणि चौकीच्या वाटेने अनवाणी धावत सुटली.