घरी नेलेली घुंगरं

"पोरीला ताप न्हाई, काय न्हाई. घुंगरापायी बंद केलंय तिचं," स्नेहलच्या आजोबांनी, गेणभाऊंनी, सरळ सांगून टाकलं आणि इंद्रायणीबाईंपुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

इंद्रायणीबाई नारायणगावहून जीपमध्ये सोळावं माणूस होऊन खोडदला आल्या होत्या. स्नेहल आठ दिवस क्लासला आली नव्हती आणि पुण्याची परीक्षा रविवारवर येऊन ठेपली होती. नारायणगावात खताच्या दुकानावरच्या खोलीत बाई बावीस वर्षं कथक शिकवत होत्या. पोरी यायच्या, गॅदरिंगपुरतं शिकायच्या आणि दहावी आली की निघून जायच्या. शेवटच्या परीक्षेपर्यंत टिकलेली ही एकटीच. सात वर्षं घासून घेतलेली.

चूक खरं तर बाईंचीच होती. नारायणगाव म्हणजे तमाशाच्या फडांचं गाव. गावोगावची पंचमंडळी यात्रेची सुपारी द्यायला तिथंच येणार. त्यामुळं पोरीला क्लासला घालताना प्रत्येक आईची एकच अट असे, घुंगरं क्लासातच राहतील. भिंतीला खिळे होते, खिळ्यांखाली पोरींची नावं होती. तिथंच बांधायची, तिथंच सोडायची. परीक्षा जवळ आली म्हणून बाईंनी पहिल्यांदा नियम मोडला आणि स्नेहलला रियाजासाठी घुंगरं घरी दिली. आभाळातलं बारीकसारीक ऐकायला खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या केवढाल्या तबकड्या उभ्या केल्यात. स्नेहलच्या पायातलं ऐकायला आळीला नुसते कान पुरले.

"भाऊ, हे शास्त्रीय नृत्य आहे. तमाशाचा याच्याशी काही संबंध नाही," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यांना स्वतःलाच ते बेचव लागलं.

"आसंल. पर पायातलं चाळ त्येच की."

"शाळेत सिनेमाच्या गाण्यावर नाचली तेव्हा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात तुम्ही."

"तवा पायात काय नव्हतं."

"परीक्षेला घुंगरांशिवाय उभं करत नाहीत."

"मंग नगं परीक्षा."

स्नेहलची आई, द्रौपदा, आतल्या दाराशी उभी होती. सासऱ्यांपुढं ती बोलायची नाही. बाईंचं डोकं मात्र तडकलं.

"एकदा बघा तरी. मग नाही म्हणा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्नेहलला पडवीतच उभं केलं, घुंगरांशिवाय. मांडीवर ताल देत त्या बोल म्हणू लागल्या आणि फरशीवर पोरीची अनवाणी पावलं पडू लागली. गेणभाऊ आधी मुद्दाम रस्त्याकडं बघत बसले. मग मान इकडं वळली. मग त्यांचं बोट गुडघ्यावर हलायला लागलं. ते बाईंच्या नजरेतून सुटलं नाही आणि त्यांना आशा वाटली. शेवटी एकच तुकडा तीनदा घ्यायचा आणि तिसऱ्या खेपेला नेमका समेवर पाय मारून थांबायचं. स्नेहल थांबली.

"हुकलं," गेणभाऊ म्हणाले. "पाऊल मागं पडलं जरासं."

बाई बघतच राहिल्या. खरंच हुकलं होतं, पण केसभर. पुण्याच्या परीक्षकाच्याही ध्यानात आलं नसतं.

"पुन्हा घे," त्या स्नेहलला म्हणाल्या.

स्नेहलनं पुन्हा घेतलं. या खेपेला पाय जिथं पडायचा तिथंच पडला. म्हाताऱ्याची मान आपसूक डोलली.

"आता आलं."

"एवढं कळतं तुम्हाला, आणि तुम्हीच अडवता?"

"कळतंय म्हनूनच अडवतो, बाई." गेणभाऊंचा आवाज खाली आला. "लई फड बघितलेत आमी. फुडं बसून बघितलेत. चाळ वाजलं की मानसं कुठं बघत्यात, ते कुनी मला सांगाया नगं. म्या बी त्यातलाच व्हतो."

बाई उठून उभ्या राहिल्या. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर त्या भांडल्या असत्या. स्नेहल आत निघून गेली. द्रौपदानं जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेली घुंगरं आणून बाईंच्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "खिळ्याखालचं नाव तेवढं पुसू नका तिचं."

परतीच्या जीपमध्ये बाईंनी ते गाठोडं मांडीवर घट्ट धरलं होतं, तरी प्रत्येक खड्ड्याला ते वाजत होतं. संतापानं त्यांचे डोळे भरून येत होते. संताप म्हाताऱ्यावर होता, स्वतःवर होता आणि बावीस वर्षांवर होता. शेजारी एक टोपीवाला गृहस्थ होता. गावच्या यात्रेला तमाशा ठरवायला नारायणगावला चाललेला. आवाज ऐकून तो अदबीनं बाजूला सरकला आणि त्यानं बाईंना ऐसपैस जागा करून दिली.

"कोंच्या फडात असता, बाई?"

एरवी हा प्रश्न आला की बाई उसळून उठायच्या. आज त्यांच्यात त्राण नव्हतं.

"माझाच आहे," त्या म्हणाल्या. "चांगली नाचणारी एकच होती. आज तिच्या घरच्यांनी ठेवून घेतली."

गृहस्थ हळहळला. बावीस वर्षांत बाईंसाठी इतकं मनापासून कोणी हळहळलं नव्हतं.

"ऐन यात्रांच्या तोंडावर?" तो म्हणाला. "आता कसं वो करनार तुमी?"