घरात बोलली जाणारी भाषा

कॉलेजच्या अर्जातला प्रश्न मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचला: "घरात आपापसात कोणती भाषा बोलता?" माझ्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. दोघांचा अबोला मी लहान असल्यापासूनचा. कशावरून बिनसलं ते त्यांनाही सांगता येणार नाही. तेव्हापासून घरातलं टपाल मीच. "काय लिहू?" आई ताटात बघत म्हणाली, "बाबांना विचार." हातभर अंतरावरून बाबा म्हणाले, "आईला म्हणावं, तूच सांग." मी आईकडची मिठाची बरणी नेहमीसारखी उचलून बाबांपुढे ठेवली आणि पुढचा प्रश्न वाचला: "वसतिगृहात राहणार का?" हा विषय मी घरात काढलाच नव्हता. मी 'हो'वर बोट टेकवलं. दोघांचे घास हातातच थांबले. बाबांनी आईला परत द्यायला बरणी माझ्याकडे सरकवली. मी हात लावला नाही. "अहो," आई त्यांना म्हणाली, "ही गेल्यावर आपण बोलायचं कोणाशी?"