वळणावरची काठी

"एक काठी द्या, लवकर!" यजमान संघाचा प्रशिक्षक बर्फातून धडपडत धनाजींकडे आला. शर्यतीत सर्वांत पुढे असलेल्या त्याच्या संघातल्या मुलीची स्कीची काठी मोडली होती, आणि त्या वळणावर जादा काठी फक्त धनाजींच्या हातात होती.

धनाजी ज्या बेटावरच्या मराठी वस्तीतून आले होते, तिथे बर्फ कधी पडलाच नव्हता. त्या इवल्या देशातून हिवाळी स्पर्धेत उतरलेली पहिली खेळाडू म्हणजे त्यांची लेक विनिशा. याच प्रशिक्षकाने तिला एकदा सराव शिबिरातून हाकललं होतं. "हिला समुद्रावर न्या, माझा बर्फ मळतोय," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता.

तरीही धनाजींचा हात पुढे झाला. काठी मोडलेली ती पोर विनिशाच्याच वयाची होती.

तेवढ्यात एक फेरी मागे पडलेली विनिशा तिथून गेली. "बाबा, देऊ नका!" ती ओरडली. प्रशिक्षकाला मराठी कळलं नाही, पण मागे गेलेला हात कळला.

विनिशा सर्वांत शेवटी आली. स्वतःची वेळ तिने विचारलीही नाही.

"त्यांची कितवी आली?"

"सातवी," धनाजी म्हणाले. "बर्फात बसून रडतेय बघ."

विनिशाने बराच वेळ तिकडे पाहिलं. प्रशिक्षक त्या मुलीजवळून न थांबता निघून गेला, तेही तिने पाहिलं. मग तिने हातमोजे काढले.

"चला बाबा," ती म्हणाली, "आज पोटभर जेवीन मी."