बांगिलची नोंद

"आपल्या वापराच्या अटी सुधारण्यात आल्या आहेत," अशी ओळ पडद्यावर उमटली आणि वुर्यानीचं भरतकामाचं मशीन अर्ध्या पाकळीवर थांबलं.

तिनं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तीच ओळ. खाली बारीक अक्षरांत चार पानं मजकूर. तिनं तो दोनदा वाचला. एवढंच कळलं, की नऊ वर्षांपूर्वी 'कायमचं' म्हणून घेतलेलं सॉफ्टवेअर आता कायमचं राहिलेलं नव्हतं.

"कायमचं म्हणजे किती दिवसांचं, ते तेव्हाच विचारायला हवं होतं," शेजारी बसून दोरे कातरणारी न्गात्मी म्हणाली.

वुर्यानीला हसू आलं नाही. कापून ठेवलेल्या साठ मुकेना कोपऱ्यात रचलेल्या होत्या. नमाजाचे ते पांढरे पेहराव रमजानच्या आधी शाळेत पोचवायचे होते, आणि एकाचीही किनार भरून झाली नव्हती.

कंपनीच्या जकार्तातल्या कचेरीत फोन लागला तो तिसऱ्या दिवशी. पलीकडचा मुलगा तिला आदरानं 'इबू', म्हणजे 'बाई', म्हणत गोड बोलत होता.

"इबू, हे लायसन्स सुहार्दोनो साहेबांच्या नावावर आहे. त्यांना फोन द्याल का?"

"ते गेले. तीन वर्षं झाली."

"अरेरे. मग ते तुमच्या नावावर करून घ्या. फक्त विवाहाची नोंदपुस्तिका पाठवा."

"लग्न आमच्या इथं मौलवींसमोर झालं. सरकारी नोंद करायची राहिली. ते सारखे फिरतीवर असायचे ना."

ते खरंच होतं. सुहार्दोनो भरतकामाची मशीनं दुरुस्त करायचे. महिन्यातले पंधरा दिवस कुदुसला, तिच्याजवळ, आणि पंधरा दिवस पूर्वेकडच्या गावांत. गेले तेही तिकडेच. त्यांच्या भावाचा फोन आला तेव्हा दफन होऊन तीन दिवस उलटले होते.

"ते राहू द्या, इबू," मुलगा म्हणाला. "तुमची खरी अडचण वेगळी आहे. जुन्या अटींप्रमाणे हे दोन कॉम्प्युटरवर चालायचं. नव्या अटींप्रमाणे एकावरच चालतं. म्हणून दुसरी नोंद बंद झाली."

"दोन? माझ्याकडे एकच आहे."

"पडद्यावर उजवीकडे यादी दिसेल बघा."

यादीत दोनच ओळी होत्या. 'मुर्तिनी भरतकाम, बांगिल.' तिच्या खाली 'वुर्यानी, कुदुस.'

"ही मुर्तिनी कोण?"

"ते तुम्हालाच ठाऊक असणार. तिची नोंद तुमच्या आधी चार दिवस झालीय. नियमाप्रमाणे जुनी नोंद राहते."

"म्हणजे चोर आत आणि मालकीण बाहेर? हा कुठला नियम?"

"त्यांनी आपलं नाव काढलं, तर तुमचं लगेच सुरू होईल, इबू. आमच्या हातात एवढंच आहे."

वुर्यानीचं डोकं चालेना. नवऱ्यानं ते सॉफ्टवेअर स्वतः आणलं होतं, याच टेबलाशी बसून तिच्या कॉम्प्युटरवर घातलं होतं. मग त्याच्या आधी ते बांगिलला कसं पोचलं?

"त्यात काय न समजण्यासारखं आहे?" न्गात्मीनं निकाल दिला. "नवरा तुझा साधा. गिऱ्हाइकाकडे मशीन दुरुस्त करायला गेला असेल, पिशवीत हे असेल. त्या बाईनं चहा पाजला आणि टोपी घातली."

हे पटण्यासारखं होतं. निदान त्यानं रात्रीची झोप तरी लागली. दुसऱ्या दिवशी पहाटेचा नमाज पढून वुर्यानीनं खरेदीची पावती पर्समध्ये घातली आणि सुराबायाची बस धरली; बांगिल तिथून आणखी पूर्वेला. वाटभर ती वाक्यं जुळवत होती. आधी नीट सांगायचं. ऐकलं नाही, तर पोलिसांचं नाव घ्यायचं. 'मेलेल्या माणसाला लुबाडताना लाज नाही वाटली?' हे वाक्य तिनं सगळ्यात शेवटी ठेवलं.

बांगिलला ती पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दुकान शोधावं लागलं नाही. पहिल्याच रिक्षावाल्यानं दारात नेऊन सोडलं.

आत मशीन धडधडत होतं. तिचं बंद पडलेलं आणि हिचं चालू, हे ऐकूनच वुर्यानीचा संताप उसळला. मशीनपाशी साठीची, चष्मा लावलेली बाई उभी होती.

"मुर्तिनी तुम्हीच?"

"हो. काय भरून हवंय?"

"काही नकोय. तुम्ही जे सॉफ्टवेअर वापरताय ना, ते माझ्या नवऱ्यानं विकत घेतलेलं आहे. माझ्याकडे पावती आहे."

बाईनं पावतीकडे पाहिलंसुद्धा नाही. वुर्यानीकडेच पाहत राहिली. मग हात लांब करून तिनं मशीन बंद केलं.

"कुदुसहून आलीस?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"एवढ्या लांबून, बसनं? काही खाल्लंस का?"

वुर्यानी गोंधळली. जुळवून आणलेल्या वाक्यांपैकी एकही आता आठवेना. "मला खायला नको. तुम्ही यादीतून नाव काढा. माझ्या साठ मुकेना अडकल्यात. चोरीची वस्तू आहे ती. माझ्या नवऱ्यानं—"

"काढते. आजच काढते." मुर्तिनीनं चष्मा उतरवून ओढणीनं पुसला. "माझे हात आता थकलेत, तुझी कामाची वर्षं आहेत. पण चोरीची म्हणू नकोस गं. 'दोन कॉम्प्युटरवर चालेल असंच घ्या, कुदुसच्या धाकटीलाही लागेल,' म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते."